गावी राहून लॅपटॉपवर काम करायचं आहे. सिमचं डोंगल घ्यावं की मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो? कोणतं घेऊ?

डोंगलच घ्या. "हॉटस्पॉट आहे की, डोंगल कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी गावाहून मुदतीचं काम कधी केलेलं नसतं. आमच्या घरात हे वाक्य माझ्या धाकट्या दिरांचं.

मी जीएसटीची कामं करते, सासर संगमेश्वर तालुक्यात. 2023 साली गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला आली आणि थ्री-बीची (जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न) शेवटची तारीख 20. क्लायंट लोक आकडे पाठवणार ऐनवेळी, आणि उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी, वर थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज. बोल मात्र मला.

भाऊजींनी मोठ्या मनाने हॉटस्पॉट लावून दिला. जांभ्याच्या भिंती, आत सिग्नलची एक काडी. त्यात सगळे चाकरमानी गावात उतरलेले, अख्खी वाडी एकाच टॉवरवरून मुंबईला आरती दाखवतेय. भाऊजींना फोन आला की हँडसेट 2जीवर उतरायचा आणि माझं पोर्टल गरगरत बसायचं. मग ते फोन खिशात टाकून शेजारी आरतीला गेले. हॉटस्पॉटही गेला आरतीला.

शेवटी मी बॅगेतलं डोंगल काढलं. त्यात सिम दुसऱ्या कंपनीचं, वाडीत फारसं कोणी न वापरणारं. पाच मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर लावली (साधी वायर याहून लांब घेऊ नका), डोंगल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पडवीच्या वाशाला टांगलं आणि लॅपटॉप घेऊन माजघरात बसले. एका पोर्टात डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी), दुसऱ्यात डोंगल, माऊसला रजा. माझ्या डोंगलचं पान 192.168.8.1 वर उघडतं, तिथे आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, दिसतो; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. माजघरात तो उणे 110च्याही खाली होता, वाशाला उणे 100च्या वर आला. दीड दिवसाचे गणपती विसर्जनाला निघायच्या आत सगळी रिटर्न्स गेली.

"तेवढ्यात सिग्नल सुधारला असेल," असं भाऊजी अजून म्हणतात. टॉवर होता तिथेच होता, भाऊजी. डोंगल हललं.

कोणतं घ्यायचं ते तुमचा टॉवर ठरवेल. घरच्या फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम टाका, म्हणून डोंगल अनलॉक्ड, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम घेणारं, हवं. 850 किंवा 900 मेगाहर्ट्झचा बँड पकडणारं बघा, भिंतीतून तो बरा येतो. बाहेरच्या अँटेनाची पिन असेल तर उत्तम. जुनं 3जीवालं कोणी फुकट दिलं तरी नको. लॅपटॉपच्या आत बसणारं एम.2 कार्डही मिळतं, पण बऱ्याच लॅपटॉपात अँटेनाच्या तारा टाकलेल्याच नसतात, काहींचं बायोस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) परकं कार्ड नाकारतं, आणि मुख्य म्हणजे ते वाशाला टांगता येत नाही.

विंडोजमध्ये मीटर्ड कनेक्शन (डेटा जपून वापरायची सेटिंग) चालू करा, नाहीतर अपडेटच दिवसाचा डेटा खाऊन टाकेल. घरात सिग्नल मुळातच चांगला असेल तर पैसे घालवू नका, फोन यूएसबी वायरने जोडला तरी भागतं. आणि लाईट गेल्यावर गावातल्या टॉवरची बॅटरी किती वेळ टिकते ते आधी विचारून ठेवा. टॉवर बसला की डोंगल काय नि भाऊजींचा फोन काय, काहीच चालत नाही.