मॉश पिटला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: अमेरिकन हार्डकोर पंकवरच्या (पंक रॉकचा आणखी वेगवान, आक्रमक प्रकार) एका डॉक्युमेंटरीची मराठी सबटायटल्स करतोय, 'मॉश पिट'ला (स्टेजपुढे पोरं एकमेकांवर आदळत नाचतात ती जागा) 'चेंगराचेंगरी' लिहिलं तर चालेल का की 'धक्काबुक्की' बरं, क्राउडसर्फिंगला काय म्हणू, आणि पिट तो की ती?

चेंगराचेंगरी अजिबात नको, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे हा शब्द माणसं मेल्याशिवाय सहसा छापून येत नाही. २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर २३ जण गेले ती चेंगराचेंगरी. रॉकच्या मैफलीतही ती झालीय, ३० जून २००० ला डेन्मार्कमधे रॉस्किल्डला पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना पुढच्या गर्दीत ९ जण दगावले, आणि नोव्हेंबर २०२१ मधे ह्यूस्टनला रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या शोमधे १०. पण तिथे जे झालं ते मॉशच्या बरोब्बर उलटं. मॉश करायला जागा लागते, मधे मोकळी जागा पडते आणि तिच्यात पोरं एकमेकांवर आदळतात. चेंगरायला जागा संपावी लागते, एका चौरस मीटरमधे सहासात माणसं झाली की उभ्या माणसाची छाती फुलायची बंद होते, श्वास कोंडतो, मागून लाट आली की सगळे झुलतात आणि पडलेल्याला वाकून उचलता येत नाही. (जाता जाता, इंग्रजी पेपरवाले अशा वेळी 'स्टॅम्पीड' लिहितात, तो शब्द गुरं उधळण्याचा आहे, तिथे कोणी धावत नसतं. आपला शब्द जास्त नेमका, चेंगरून मेले म्हणजे चेंगरून मेले.)

धक्काबुक्कीचा प्रॉब्लेम वेगळा. त्यात बुक्की आहे आणि बातम्यांनी तिला पार पोलीस स्टेशनात नेऊन बसवलंय, 'कर्मचाऱ्याला धक्काबुक्की, गुन्हा दाखल' वगैरे. म्हणजे वैर आलं, निदान राग तरी आला. रेटारेटी म्हणजे मागून येणारा जोर, ढकलाढकली रांगेतली नाहीतर लोकलच्या दारातली, कुठेतरी पोचायचं असतं म्हणून केलेली. पिटात कुणालाच कुठे पोचायचं नसतं! त्या भावाच्या सगळ्यात जवळ जाणारा मराठी शब्द मला विचाराल तर 'धसमुसळेपणा'. 'अरे धसमुसळं खेळू नकोस, लागेल कोणाला' असं आई म्हणते त्यातलं धसमुसळं. जोर आहे, अक्कल थोडी कमी आहे, पण दुष्टावा नाही. धांगडधिंगा पण आठवतो, पण तो शब्द नाचणाऱ्याचा नाही, खिडकीतून बघून नाक मुरडणाऱ्याचा आहे.

दुष्टावा नाही म्हणतोय ते अनुभवाने. कॉलेजात असताना पुण्यात एका लोकल बँडच्या गिगला मी पिटात पहिल्यांदा शिरलो आणि पाचव्या सेकंदाला आडवा झालो, चष्मा उडाला. काही कळायच्या आत दोघांनी बखोटीला धरून उभं केलं, एक आडदांड पोरगा पाठ करून भिंतीसारखा उभा राहिला आणि मागे कोणीतरी हात उंच करून ओरडत होतं, "चष्मा कोणाचा? चष्मा!" एक काडी गेली होती फक्त. पडला की उचलायचं, हा पिटाचा पहिला नियम. तो न पाळणारी माणसं असतात, विशेषतः कोपरं बाहेर काढून फिरणारी, पण त्यांना पिटातलीच पोरं बाहेर काढतात.

आता मूळ शब्द. लॉस एंजेलिसच्या बाजूला आधी याला स्लॅम डान्सिंग म्हणत. मॉश आला तो वॉशिंग्टन डीसीतून, ८० च्या सुरुवातीला, बॅड ब्रेन्स या कृष्णवर्णीय हार्डकोर बँडकडून असं मानतात. ते रास्ताफारी, म्हणजे जमैकातून आलेल्या पंथाचे, त्यामुळे गायक एचआर जमैकन ढंगात 'मॅश' म्हणायचा (तोड, चुराडा कर अशा अर्थाने) आणि गोऱ्या पोरांना ते 'मॉश' ऐकू गेलं. म्हणजे चुकीचं ऐकण्यातून आलेला शब्द! मग न्यूयॉर्कच्या थ्रॅश मेटलवाल्यांनी तो उचलला, त्यातल्या अँथ्रॅक्स या बँडच्या १९८७ च्या अल्बममधे एका गाण्याच्या नावातच मॉश आहे, आणि तिथून तो जगभर गेला. त्यामुळे त्याचं भाषांतर करूच नका. मॉश ठेवा. मराठीला असे शब्द पचवता येतात, 'मॉश करणे' रुळलंय, आणि रेटारेटी-मारामारीच्या चालीवर कोणी 'मॉशामॉशी' म्हणालं तर मी तरी हरकत घेणार नाही.

पिट तर आपलाच आहे हो. नाटक-सिनेमावाल्यांचा 'पिटातला प्रेक्षक' आठवा, स्वस्त तिकिटाचा, सगळ्यात पुढचा, शिट्ट्या मारणारा, 'हे वाक्य पिटासाठी आहे' असं समीक्षक तुच्छतेने लिहायचे तो. तोच हा, फक्त खुर्ची काढून घेतलेली. आणि लिंगाचं उत्तरही त्यातच आलं, 'पिटातला' म्हणतो, 'पिटीतला' नाही, तेव्हा तो पिट. हल्लीची काही मंडळी 'पिट ओपन झाली' म्हणतात ते जागा मनात धरून असावं, पण सबटायटलमधे 'झाला' करा. फक्त 'पिठात' टाइप होणार नाही एवढं बघा, ऑटोकरेक्ट हमखास दगा देतो.

क्राउडसर्फिंगला (गर्दीच्या डोक्यावरून, लोकांच्या हातांवर आडवं पुढे जाणं) लाटेवरचं काही शोधत बसू नका, आपल्याकडे सर्फिंग कोण करत होतं. 'हातोहात' हा शब्द बघा. एरवी पुस्तकं हातोहात खपतात, इथे माणूस खरोखर हातोहात पुढे जातो, 'पोरांनी त्याला हातोहात स्टेजपर्यंत नेला'. काम झालं. स्टेज डाइव्हला, म्हणजे स्टेजवरून गर्दीत घेतलेल्या उडीला, 'सूर मारणे', विहिरीत मारतात तोच. गायकानेच सूर मारला तर श्लेष फुकट मिळतो. सर्कल पिटला 'रिंगण' मस्त बसतं, मात्र वारीची आठवण नको असेल तर 'गोल धावतायत' एवढं पुरे.

हेडबँगिंग तुम्ही विचारलं नाहीत पण डॉक्युमेंटरीत येणारच, तर 'डोकं आपटणे' लिहू नका, तो वैताग होतो. त्याला खरा शब्द 'घुमणे', मोकळ्या केसांनी, कमरेत वाकून, मान गरागरा. माझ्या मावशीने माझ्या फोनवर एक व्हिडिओ बघितला आणि एवढंच विचारलं, "मंगळवार आहे का रे आज?"