ओटीटी इतके झालेत, सगळे परवडत नाहीत, मग टेलिग्रामवरून पिक्चर उतरवला तर काय बिघडलं?

वैताग खराच आहे ओ, एक सिरीज प्राइमवर, दुसरी सोनी लिव्हवर, मराठी पिक्चर झी फाइव्हवर, आणि २०२५ ला जिओसिनेमा न् हॉटस्टार एक झाले तरी बाकीचे आहेतच की. आमच्या सोलापुरात एमआयडीसीत लूमवर राबणाऱ्या घराला दर महिन्याला चार-चार रिचार्ज कुठून जमणार? कंपन्यांनी याचा विचार करायलाच पाहिजे.

पण पायरसी नको. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या (म्हणजे पिक्चरच्या कायद्यातल्या) २०२३ च्या दुरुस्तीनंतर पिक्चरची चोरटी कॉपी काढणं-पसरवणं याला किमान ३ महिने कैद न् ३ लाख दंड आहे, आणि त्या ग्रुपवर पिक्चर म्हणून येणारी फाइल नीट बघा, पिक्चर कधी पाच-दहा एमबीचा असतो का, कधीकधी नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं असतं, म्हणजे तो पिक्चर नाही, मोबाइलमध्ये टाकायचं ॲप आहे, ते टाकलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ती दिली की तुमचा ओटीपी गेला. छोट्या मराठी निर्मात्याचं तर कंबरडंच मोडतं, याचं मला लय वाईट वाटतं.

एका महिन्याला एकच ॲप घ्या, साठलेलं बघून टाका, यूपीआयमधला ऑटोपे आठवणीनं बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरं.