जांभळी अळंबी आठ दिवसांत खाकी कशी झाली?

प्रश्न: बीचच्या जंगलात पाचोळ्यातून वर आलेली अळंबी दिसली, देठासकट गडद जांभळी. आठ दिवसांनी त्याच जागी गेले तर सगळ्या फिक्या खाकी. अ‍ॅपने दोन्ही फोटोंना वेगवेगळी नावं दिली. या दोन जाती की एकच? आणि खाता येते का?

उत्तर: एकच आहे हो, आणि तुम्ही परत जाऊन बघितलंत याचं खरंच कौतुक वाटलं. ही लॅकेरिया अमेथिस्टिना, इंग्रजीत हिला अमेथिस्ट डिसीव्हर म्हणतात, म्हणजे जांभळी फसवी. ओला कपडा कसा गडद दिसतो आणि वाळला की फिका, तसंच हिचं, टोपीतलं पाणी उडालं की तंतूंमधे हवा शिरते आणि रंग उतरत जातो. म्हणून टोपीवर जाऊच नका, उलटी करून बघा. दुसऱ्या फोटोत कडेला टोपी जरा उचललेली आहे ना, तिथे खालच्या गिल्स, म्हणजे टोपीखालच्या पातळ पट्ट्या, अजून जांभळ्याच आहेत, जाडसर, एकमेकींपासून लांब लांब, आणि त्यावर पिठासारखी पांढरी भुकटी, ते बीजाणू. मायक्रोस्कोपखाली ते गोल आणि काटेरी दिसतात.

वर्गीकरणात पण हिने बरंच फिरवलंय. 1778 मधे हडसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिला अ‍ॅगॅरिकस या वंशात टाकलं, तेव्हा गिल्सवाली जवळपास प्रत्येक अळंबी तिथेच जायची, 1884 मधे कुक या अळंबी-अभ्यासकाने लॅकेरिया वंशात आणली, तरी पुढे कित्येकजण हिला लॅकेरिया लॅकाटा या दुसऱ्या जातीचा नुसता एक प्रकारच धरायचे. कुल आधी ट्रायकोलोमाटेसी होतं, आता हिडनँजिएसी, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की या कुलातलं हिडनँजियम दिसायला बटाट्यासारखं, ना टोपी ना गिल्स, अर्धवट मातीत गाडलेलं असतं, तरी डीएनएने ते हिचं जवळचं नातेवाईक ठरलं.

खाण्याचं म्हणाल तर पुस्तकांत खाण्याजोगी लिहिलेली सापडेल, पण ही मातीतलं आर्सेनिक साठवते, त्यामुळे मी तरी नको म्हणेन. शिवाय इनोसायबी नावाच्या दुसऱ्या अळंबीचा एक फिका जांभळा प्रकार तशाच जंगलात उगवतो, त्यात मस्करीन असतं, विषारी आहे तो, आणि फोटोवरून मी कुणालाच खात्री देणार नाही. पुढच्या वेळी एक टोपी काळ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवा, बीजाणूंचा मातकट तपकिरी ठसा आला तर ती इनोसायबी असू शकते. पांढरा आला तर थोडी चुरगाळून वास घ्या, मुळ्यासारखा आला तर ती मायसीना प्युरा ही तिसरीच अळंबी, तीही खायची नाही.