ठसका का लागतो, आवाज का बसतो : वाचकांचे घशाचे प्रश्न

आपल्या सोलापुरातली गड्ड्याची यात्रा उरकली की दरवर्षी घशाचे प्रश्न वाढतातच, धूळ असते, थंडी असते, ओरडणं असतं. या वेळी मात्र सर्दी-खोकल्यापेक्षा वेगळे आणि फार चांगले प्रश्न आलेत, म्हणून पूर्ण सदर घशालाच दिलंय.

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडं कडक भाकरी आन शेंगाची चटणी रोजची. वडील ७२ वर्षांचे आहेत, जेवताना बोलत असतात आणि हमखास ठसका लागतो. मग आई डोक्यावर थापट्या मारत ‘वर बघा, वर बघा’ म्हणते. हे बरोबर आहे का? आणि घास चुकीच्या नळीत जातो म्हणजे नेमका कुठं जातो?
– एक वाचक, शेळगी

उत्तर : आधी ते वर बघणं बंद करा. मान मागं टाकली की श्वासाची वाट जास्त उघडी पडते आणि जे अडकलंय ते आणखी खाली घसरू शकतं. ठसका लागला की पुढं वाकायचं आणि मोकळेपणानं खोकायचं. पाणी द्यायचं ते खोकला थांबल्यावर, आधी नाही.

आता नळीचं. घसा म्हणजे नाकाच्या मागं सुरू होऊन तोंडाच्या मागून खाली मानेत उतरणारी साधारण १२-१३ सेंटीमीटरची स्नायूंची नळी. श्वास आणि अन्न दोघंही हिच्यातूनच जातात, आणि खाली दोन फाटे फुटतात, पुढच्या बाजूला स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनलिका, मागच्या बाजूला अन्ननलिका. म्हणजे बघा, हवा मागून येते आणि तिला पुढं जायचंय, अन्न पुढून येतं आणि त्याला मागं जायचंय, दोघांचे रस्ते एकमेकांना आडवे जातात. रेल्वे फाटकावर असतं तसंच, एक वाहतूक थांबल्याशिवाय दुसरी सुटत नाही.

कंठमण्यावर हलकं बोट ठेवून थुंकी गिळून बघा, तो वर सरकून परत खाली येतो. तेवढ्या वेळात आत बरंच काही होतं. मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, श्वास आपोआप थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढं सरकून जिभेच्या मुळाखाली लपतं, एपिग्लॉटिस नावाचं पानासारखं झाकण त्याच्यावर मागं कलतं, आणि त्याच्याही खाली स्वरतंतू एकमेकांना चिकटून दार घट्ट लावून घेतात. मग अन्ननलिकेचं तोंड उघडतं आणि घास आत. घशातलं हे सगळं साधारण एका सेकंदात उरकतं. घास जिभेच्या मागं ढकलेपर्यंत आपला ताबा असतो, पुढचं आपल्या हातात राहत नाही.

वडील बोलतात तेव्हा काय होतं, आवाज काढायला स्वरतंतू वापरात असतात आणि पुढचं वाक्य सुरू करायच्या आधी तोंडानं पटकन श्वास आत ओढला जातो, तोंडात चटणीची कोरडी पूड असली तर ती त्या हवेबरोबर सरळ स्वरयंत्रापर्यंत जाते. तिथली त्वचा इतकी नाजूक आहे की कण लागला रे लागला की खोकला उसळतो, आणि तिखटानं तर नुसत्या स्पर्शानंही उसळतो. तो खोकला ही राखण आहे, तो आला म्हणजे यंत्रणा जागी आहे. वय वाढलं की गिळण्याचे स्नायू थोडे मंद होतात, म्हणून भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून द्या, लहान घास, ताठ बसून, आणि गप्पा घास गिळून झाल्यावर. अर्धांगवायू होऊन गेलेल्या माणसांची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांच्यात अन्न श्वासनलिकेत गेलं तरी कधी कधी खोकलाच येत नाही. जेवणानंतर आवाज ओला, गुळगुळल्यासारखा येत असेल किंवा पुन्हा पुन्हा ताप आणि न्यूमोनिया होत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. माणूस खोकतोय, बोलतोय तोवर त्याला खोकू द्या. पण आवाजच फुटेना, श्वास घेता येईना, हात गळ्याशी गेले, तर एकाला १०८ ला फोन लावायला सांगा आणि तुम्ही त्याला पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थपडा मारा. नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेनं पाच झटके द्या, आणि निघेपर्यंत आलटून पालटून करत रहा. हे झटके १९७४ साली हाइमलिक नावाच्या अमेरिकन सर्जननं सांगितले. गरोदर बाईला हे झटके पोटावर न देता छातीच्या मधोमध द्यायचे. वर्षाच्या आतल्या बाळाला तर पोटावर झटके अजिबात नाही, त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर थपडा आणि मग छातीवर दाब. माणूस बेशुद्ध पडला तर छाती दाबायला म्हणजे सीपीआरला सुरुवात करा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, घास आणखी आत जातो.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे, वर्गात साठ मुलं. गुरुवारपर्यंत आवाज बसतो, रविवारी जरा सुटतो. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीच्या गुळण्या सगळं करून झालं.
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, वरचं उत्तर वाचलंत तर एक गोष्ट लक्षात येईल, आपण जे गिळतो ते स्वरतंतूंना लागतच नाही, लागलं तर ठसका बसेल. त्यामुळं खडीसाखरेनं घसा ओला होतो, बरं वाटतं, पण तंतूंवर थेट काही होत नाही, आणि गुळण्यांचं पाणी तर तिथपर्यंत पोचतही नाही. पोचते ती वाफ. आणि दिवसभर घोट घोट पाणी प्यायल्यानं शरीराच्या आतून ओलावा मिळतो तो. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा तर बाटली टेबलावरच हवी.

बाईच्या आवाजात स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. एका तासात नुसता अर्धा वेळ बोललात तरी साडेतीन लाखाच्या वर आपट झाली, आणि ओरडलात तर तीच आपट जास्त जोरात. जिथं जास्त मार बसतो, म्हणजे पुढचा तिसरा भाग संपतो तिथं, दोन्ही तंतूंवर छोट्या गाठी येतात, शिक्षिका, कीर्तनकार, भाजीवाल्या मावश्या यांच्यात हे खूप बघायला मिळतं. या गाठी कॅन्सरच्या नसतात आणि बहुतेक वेळा ऑपरेशनही लागत नाही, आवाज वापरायची पद्धत बदलली की ओसरतात, त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडं शिकायला जावं लागतं. तोवर खाकरणं सोडा, खाकरताना तंतू फार जोरात घासतात, त्याऐवजी पाण्याचा घोट घेऊन गिळा. जोर लावून कुजबुजणं पण आरामाचं नाही. मुलांना गप्प करायला टाळी किंवा घंटी वापरा. आणि शाळेनं साधा छोटा माइक द्यायला काय हरकत आहे, साठ मुलांचा वर्ग एका बाईच्या घशावर चालवायचा हे मला अजिबात पटत नाही.

एकदा दुर्बिणीतून तपासून घ्याच, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. १८५४ साली मान्युएल गार्सिया या गाणं शिकवणाऱ्या माणसानं आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले होते, आवाजाच्या कुतूहलापोटी एका शिक्षकानंच ही वाट दाखवली हे मला फार आवडतं.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, आवाज मधेच फाटतो, पोरं चिडवतात. औषध आहे का?
– एक आई, बार्शी

उत्तर : औषध नको. स्वरयंत्र वाढतंय, तंतू लांब आणि जाड होतायत (मोठ्या पुरुषात १७ ते २१ मिलिमीटर, बायकांत ११ ते १५), स्नायूंना नव्या लांबीची सवय व्हायला काही महिने लागतात. त्याला हे आकडे दाखवा, धीर येईल.

प्रश्न : घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, थुंकी गिळताना जास्त, जेवताना मात्र काहीच नाही. दोन ठिकाणी तपासलं, काही निघालं नाही.
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : जेवताना जाणवत नाही हीच मोठी दिलाशाची खूण आहे. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो, तो एरवी आवळलेलाच असतो, ताण किंवा वर येणारं ॲसिड यामुळं तो जास्त आवळला की गोळा वाटतो. रात्री झोपायच्या आधी दोन-तीन तास जेवण उरका आणि सारखं सारखं गिळून बघू नका. घास अडकायला लागला, वजन उतरलं किंवा मानेत गाठ लागली तर मात्र परत तपासणी.

प्रश्न : मी घरी विड्या वळते, मालक यंत्रमागावर आहेत, विडी ओढतात. दोन महिने झाले त्यांचा आवाज घोगरा आहे, दुखत काही नाही म्हणून डॉक्टरकडं जात नाहीत.
– एक भगिनी, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : ताई, दुखत नाही यावर थांबू नका. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर स्वरयंत्र दुर्बिणीतून बघितलंच पाहिजे, आणि विडी ओढणाऱ्याचं तर लगेच. तंतूवर छोटीशी गाठ आली तरी आवाज बदलतो, म्हणून तिथला कॅन्सर फार लवकर हाती लागू शकतो, आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते, बऱ्याचदा आवाजही राहतो. घशात दुसऱ्या जागी गाठ झाली तर ती इतक्या लवकर खबर देत नाही. एका बाजूचा कान दुखणं पण अंगावर काढू नका, घशाची आणि कानाची एक नस सामाईक असते, कान चांगला असूनही घशातला आजार कानात दुखतो.

दरवेळी कॅन्सरच असतो असं मुळीच नाही. डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते, त्यामुळं छातीतल्या गाठीनंही आवाज बसू शकतो, टीबीनं बसू शकतो, सूज असेल तरी बसतो. हे घरी बसून ओळखता येत नाही. सिव्हिलला कान-नाक-घसा विभाग आहे, केसपेपर काढून ‘दोन महिने आवाज बसलाय, विडी आहे’ एवढं सांगायचं. श्वास घेताना आवाज यायला लागला, धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, रात्र असली तरी कॅज्युअल्टीत न्यायचं. आणि ताई, तुम्ही स्वतः मिशरी लावत असाल तर त्याच दिवशी तुमचंही तोंड आणि घसा तपासून घ्या.