आधी जमू दे, मग जाईन

"आधी थोडं वजन उतरवते, मग योगाचा क्लास लावते." "गुडघे जरा बरे होऊ देत." "महिनाभर यूट्यूबवर बघून घरीच करतो, तिथे जाऊन अगदी अडाणी दिसायला नको."

जून संपत आला की ही वाक्यं माझ्या खोलीत हमखास ऐकू येतात. 21 जूनच्या योगदिनाचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसवरून झळकून गेलेले असतात आणि त्यात आपण नसतो. खरं तर योगासाठी माझ्यासारख्या समुपदेशकाकडे कोणी येत नाही. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, चिडचिड होते म्हणून. बोलता बोलता डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाचा विषय निघतो आणि गाडी तिथे अडते. नाशिकला योगशिक्षकांची वाण नाही. योग विद्या धाम ही योग शिकवणारी संस्था याच गावची. गल्लीगणिक क्लास आहेत. अडतं ते दारात.

अशा बायकांना मी एक प्रश्न विचारते, "कामवाली यायच्या आधी तुम्ही भांडी विसळून ठेवता का?" निम्म्या जणी हसतात आणि कबूल करतात. शिकायला जाण्याआधी शिकून घेणं हा त्यातलाच प्रकार.

पण हसून सगळ्यांचं भागत नाही. एका काकांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत. पेशा मात्र त्यांना विचारून तसाच ठेवलाय, कारण गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. काका नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये तपासणीला होते. छापून आलेल्या शीट बघायच्या, दोष असेल तिथे खूण करायची. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना पॅरॅलिसिसचा सौम्य झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. फिजिओथेरपी संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता चार माणसांत जाऊन व्यायाम करा." घरापासून दोन गल्ल्यांवर एका हॉलमध्ये क्लास भरतो. काकू तिथे तीन वर्षं जातायत. काका रोज त्यांच्याबरोबर गेटपर्यंत जायचे आणि दुधाची पिशवी घेऊन परत यायचे.

माझ्याकडे आले तेव्हा डावा हात पँटच्या खिशात होता. चहा आला, तो उजव्या हाताने घेतला. बिस्किट घ्यायचं तर आधी कप खाली ठेवला. खिशातला हात खिशातच राहिला.

"सगळे वर हात करणार आणि माझा एकट्याचा अर्ध्यावर," ते म्हणाले. "लगेच दिसतं हो मॅडम. शंभर चांगल्यांत एक खराब असली ना, तीच आधी डोळ्यात भरते."

मला एकदम सुचलं. 2006 पासून छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या बदल्यात गड्डीत घालायच्या नोटेच्या क्रमांकात तारा असतो. मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, "काका, तारा असलेल्या नोटेची किंमत कमी असते का?"

काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, खराब निघालेली नोट परत येत नाही. ती नष्ट करतात. तारा असतो तो दुसऱ्या नोटेवर."

तर उपमा तपासून परत आली! त्यानंतर दोन भेटी मी फक्त ऐकलं.

तिसऱ्या भेटीत मी सहज त्यांच्या कामाबद्दल विचारत होते. शीट कशी धरायची, नजर कुठून कुठे न्यायची, हे दाखवता दाखवता त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला. कोपरा उचलायचं काम त्याच हाताचं. माझ्या टेबलावरचे कोरे कागद ते दोन्ही हातांनी उलटत होते, डावीकडून जरा सावकाश. मी त्या हाताकडे बघायचं टाळलं.

"शेजारी बसलेला काय करतोय, हे दिसायचं?"

"छे! नजर उचलली की एखादी सुटायची. मग बोलणी खायची."

"काकू घरी वृक्षासन करतात?"

"करते ना. एका पायावर, समोरच्या कॅलेंडरकडे बघत."

"मध्येच तुम्ही हाक मारली तर?"

"पाय टेकतो तिचा. मग माझ्यावर चिडते."

"मग क्लासमधले वीस-पंचवीस जण एका पायावर उभे राहून तुमचा हात कधी तपासणार?"

काका कागद तसेच धरून बसले, मग हसायला लागले. "म्हणजे तिथे तपासणीला मी एकटाच!"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षात स्वतःशीच हसत होते. आठवड्याने काका आले ते जरा घुश्शातच. "तुमचं गणित चुकलं. गेलो होतो. एक बाई बघत होत्या. सारख्या."

माझं शिक्षण विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतलं. ती मांडणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा आग्रह असे की 'कोणी बघत नाही हो' अशी समजूत घालून थांबू नका, कारण कधीतरी कोणीतरी बघणारच. माझी शक्कल चांगली होती, पण ती समजूतच होती. हे मला काकांनी शिकवलं, म्हणजे पुन्हा शिकवलं.

"त्या बाई काय म्हणाल्या असतील मनात?"

"बिचारा, म्हणाल्या असतील."

"धरून चालू, म्हणाल्या. मग पुढे काय झालं?"

काकांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "पुढे... शिकवणाऱ्या ताईंनी हात खाली घ्यायला सांगितले."

एवढंच! आठ महिने ज्याला घाबरून गेटवरून परत फिरले, ते घडून गेलं होतं आणि त्याच्या पुढची सूचना 'हात खाली' अशी होती. आपल्या भाषेत एक फार लहान अक्षर आहे, 'च'. मला जमलंच पाहिजे, कोणी बघताच कामा नये, बघितलं तर सहनच होणार नाही. इच्छा गैर नाही, तिला हा 'च' चिकटला की माणूस गेटवर थांबतो. तो नुसत्या बोलण्याने सुटत नाही, घाबरतो तेच करून बघावं लागतं. एलिस स्वतः 19 वर्षांचे असताना बायकांशी बोलायला घाबरत. न्यूयॉर्कच्या एका बागेत बसून त्यांनी महिनाभरात शंभर जणींशी बोलणं काढलं. भेटायला एकच कबूल झाली, तीही आली नाही. भीती मात्र गेली.

काकांना मी गृहपाठ दिला, क्लासमध्ये पहिल्याच मिनिटाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "ताई, माझा डावा हात वर जात नाही, मला खुर्ची लागेल." सराव माझ्या खोलीतच केला. पहिल्यांदा ते पुटपुटले. चौथ्या वेळी इतकं खणखणीत म्हणाले की बाहेरची रिसेप्शनिस्ट खरोखरच खुर्ची घेऊन आत आली. सोमवारी क्लासमध्ये बोलले, तर मागून एक आजी म्हणाल्या, "मलाही एक सरकवा."

आता हे वाचून कोणी उद्याच निघणार असेल, तर आधी लाज आणि धोका वेगळे करा. धोका खरा असतो, तो डॉक्टरांना विचारायचा. रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचं दुखणं, ठिसूळ हाडं, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यातलं काही असेल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरायचा नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. लाज डॉक्टरांना विचारून जात नाही.

क्लास निवडताना बाहेरच्या फ्लेक्सकडे बघू नका, त्यावर पाय मानेमागे घेतलेली मुलगी असणारच. आत खुर्च्या, लोड, पट्टे, लाकडी विटा आहेत का ते बघा. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी ही साधनं आसनांत रुळवली. ते स्वतः लहानपणी इतके आजारी असत की धडधाकट शरीर गृहीत धरणं त्यांना परवडलंच नसतं. शिवाय शिक्षकांना सरळ विचारा, "मला जमलं नाही तर तुम्ही काय करता?" 'सवयीने जमेल' एवढंच उत्तर आलं तर पुढचा क्लास बघा. 'मग आपण हे असं करू' म्हणत कोणी भिंतीपाशी नेलं तर थांबा. पाठीवर दाब देऊन वाकवणारे, सगळ्यांसमोर वजनावरून बोलणारे शिक्षकही असतात, ते मला ठाऊक आहे. तिथून उठून येणं म्हणजे पळून जाणं नव्हे. पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली आहे, 'स्थिरसुखमासनम्'. त्यात पायाच्या अंगठ्याचा उल्लेख नाही.

आणि पहिले काही दिवस मागच्या ओळीत, भिंतीजवळ जागा घ्या. तोल गेला तर टेकायला बरं.

काकांचा हात अजून पूर्ण वर जात नाही. कानापर्यंत जातो, असं ते सांगतात. काकूंच्या मते गालापर्यंत. शेवटच्या भेटीला आले ते तक्रार घेऊनच. एक नवीन गृहस्थ क्लासला यायला लागलेत आणि लवकर येऊन भिंतीजवळची जागा अडवतात.

"ती माझीच जागा आहे हो," काका म्हणाले.

'च' मला ऐकू आला. पण वेळ संपत आली होती, आणि बाहेर पुढचे लोक बसले होते.