जपानमध्ये तौलनिक कायद्यावर पीएच.डी. : एका प्रश्नाला उत्तर

पुण्यात एल्‌एल.एम. झाल्यावर ‘जपानी समाज न्यायालयात का जात नाही’ या विषयावर संशोधन करण्यासाठी जपानला यावे का आणि इंग्रजीवर निभावेल का, असे आपण विचारले आहे. जरूर यावे, मात्र विषयाची मांडणी बदलून आणि जपानी भाषेची तयारी करून.

जपानी माणसाला तंटा मुळातच नकोसा असतो, हे स्पष्टीकरण जपानी कायदेपंडित ताकेयोशी कावाशिमा यांनी १९६३ मध्ये मांडले आणि १९७८ मध्ये अमेरिकी कायदेपंडित जॉन हेली यांनी ते खोडून काढले. न्यायाधीश व वकील मोजके, विलंब आणि खर्च मोठा, म्हणून दावे कमी, असा हेली यांचा युक्तिवाद होता. पुढे दुसरे अमेरिकी अभ्यासक मार्क रॅमसेयर यांनी निकालाचा अंदाज आधीच बांधता येतो म्हणून पक्षकार तडजोड करतात, असे दाखवण्याचा प्रयत्न केला. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण तर आपलीच आहे, आणि तरीही आपली न्यायालये दाव्यांनी तुंबलेली आहेत. तेव्हा केवळ लोकस्वभावावर उभारलेला प्रबंध येथील प्राध्यापक स्वीकारतील असे मला वाटत नाही.

त्याऐवजी मोटार अपघात हा विषय घ्यावा. तोक्यो जिल्हा न्यायालयातील वाहतूक दाव्यांच्या न्यायाधीशांनी तयार केलेले एक पुस्तक येथे वकील आणि विमा कंपन्या रोज वापरतात. त्यात टकरीच्या प्रत्येक प्रकाराची आकृती आणि दोन्ही बाजूंच्या दोषाची टक्केवारी दिलेली असते. सिग्नल दोघांनाही हिरवा असताना चौकात उजवीकडे वळणाऱ्या आणि समोरून सरळ येणाऱ्या गाडीची टक्कर झाली, तर वळणाऱ्याचा दोष ८० टक्के आणि सरळ येणाऱ्याचा २० टक्के धरून वाटाघाटी सुरू होतात, आणि वेग किंवा इशाऱ्याचा दिवा पाहून आकडे पुढेमागे होतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी भरपाईचे गणित बांधून दिले, पण कोणाचा दोष किती हे न्यायाधिकरण दरवेळी पुराव्यावरून ठरवते. भरपाईचा आकडा ठरला आणि दोषाचा मोकळा राहिला, याने तडजोडीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मराठी वकिलाने हाती घ्यावा इतका मोलाचा आहे.

भाषेबाबत तडजोड करू नये. नागोया आणि क्युशू विद्यापीठांत इंग्रजीतून कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कायद्यांची इंग्रजी भाषांतरेही आहेत, पण त्यांना अधिकृत दर्जा नाही. शिवाय निकाल, भाष्ये आणि वर उल्लेखिलेले पुस्तक जपानीतच वाचावे लागते. जपानच्या नागरी संहितेतील करारासंबंधीच्या तरतुदी तर २०१७ मध्ये दुरुस्त होऊन १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या इंग्रजी ग्रंथांवर विसंबू नये.

जपान सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी दूतावासामार्फत किंवा विद्यापीठामार्फत अर्ज करता येतो. बहुतेकांना आधी संशोधन-विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळतो आणि मग पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. या पदवीने येथे वकिली करता येत नाही, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. संभाव्य मार्गदर्शकांना पत्र लिहिताना सोबत दोन पानी संशोधन आराखडा जोडावा आणि त्यात कोणते जपानी निकाल वाचणार, ते नेमके नमूद करावे.