वहीतला मुक्कामाचा रकाना

ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. पत्र लांबलचक आहे, म्हणून मुद्द्यापुरतं देते:

'मुलगी एकोणीस वर्षांची. बारावी सायन्स, बायोलॉजी ग्रुप, ८१ टक्के. नीटला पहिल्यांदा ३१२, दुसऱ्यांदा ३८८. आम्ही तिसरा अटेम्प्ट ठरवला आहे, क्लासची फीसुद्धा भरून झाली. निकालानंतर जरा मन रमावं म्हणून तिला माझ्या बहिणीकडे पाठवलं. बहीण शहापूर तालुक्यात उपकेंद्रावर नर्स आहे. ऑगस्ट-सप्टेंबर तिथे राहून मुलगी आली ती एक वही घेऊनच. कुठल्या पाड्यावर कुणाला कधी मलेरिया झाला याचे नकाशे काढत बसते. म्हणते, हेच शिकायचंय. सगळं उपग्रहावरून दिसत असताना नकाशे काढायला माणूस कशाला लागतो? आणि मलेरिया २०३० पर्यंत संपवणार असं सरकारच म्हणतंय, मग हिला नोकरी कोण देणार? सध्या तिचा फोन काढून घेतला आहे. आता समजूत पटली आहे, "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते. वहीच्या एका पानाचा फोटो जोडतो, म्हणजे वेळ कसा वाया चाललाय ते कळेल. तुम्ही दोन शब्द सांगितलेत तर ऐकेल.'

नमस्कार. दोन शब्द सांगते, पण ते तिला नाहीत, तुम्हाला आहेत.

पत्रभर 'आम्ही' आहे. आम्ही ठरवलं, आम्ही भरलं, एके ठिकाणी तर 'आमचे ३८८' असंही लिहिलंय. पेपराला ती एकटी बसते हो. 'तुम्ही म्हणाल तसं' हे वाक्य मी ठाण्याच्या माझ्या ऑफिसात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. बोलणारं मूल शेजारच्या खुर्चीत, नजर टेबलावरच्या पेपरवेटवर. त्याला काही पटलेलं नसतं. घरात बोलून उपयोग नाही, एवढंच कळलेलं असतं. घर शांत होतं आणि आईबापांना वाटतं, सुटलो. मग जानेवारी-फेब्रुवारीत पोट दुखायला लागतं, जेवण जात नाही, सगळ्या तपासण्या होतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतात. तुमच्या पत्रात मला गुणांची काळजी वाटली नाही, या तीन शब्दांची वाटली.

नीटबद्दल फार लिहीत नाही. ७६ गुण वाढले, म्हणजे पोरीने मेहनत घेतलीय, पण खुल्या प्रवर्गातून सरकारी एमबीबीएसला एवढे पुरत नाहीत. २०२४ साली २३ लाखांवर मुलं बसली होती आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. तिसऱ्यांदा बसायचं की नाही, हे तिला विचारा. तुम्ही नका विचारू, आत्याला विचारू द्या, आणि त्या वेळी तुम्ही घरात नसा. फी भरलीय हे कारण देऊ नका. ते पैसे गेले.

आता त्या पानाकडे येते. आधी एक तक्रार: फोटोत रुग्णांची नावं स्वच्छ वाचता येतात. कुणाच्या आजाराचा कागद असा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवायचा नसतो. मी तो पाहून पुसून टाकला, तुम्हीही टाका. तिला सांगा, नावांच्या जागी क्रमांक घाल, आणि पुढचं काही करायचं तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन कर.

तुम्ही ते पान पुरावा म्हणून पाठवलंत. मी ते तीनदा वाचलं. आत्याच्या रजिस्टरवरून तिने पाडा, वय, रक्तनमुना घेतल्याची तारीख, मलेरियाचा प्रकार व्हायव्हॅक्स की फाल्सिपेरम हे उतरवलंय, त्यात विशेष काही नाही. पण पट्टीने आखलेले दोन रकाने तिने स्वतःचे वाढवलेत: 'ताप कधी आला' आणि 'आधीचे पंधरा दिवस मुक्काम'. एकाच पाड्यावरच्या तीन पुरुषांपुढे दुसऱ्या रकान्यात लिहिलंय, 'रानात, राखणीला, ओहोळाकाठची खोपटी'. आणि खालच्या नकाशात तिने या तिघांचे ठिपके पाड्यावरून खोडून पेन्सिलीच्या बाणाने ओहोळाकडे नेलेत.

हे तिला कुणी शिकवलं? शिकवलेलं दिसत नाही, तिने विचारून काढलंय. रजिस्टरमध्ये रुग्णाचा पत्ता असतो, आणि डास पत्ता बघून चावत नाही. ठिपके पाड्यावरच राहिले असते तर फवारणीवाले पाड्यातल्या घरांच्या भिंती फवारून गेले असते आणि ओहोळाकाठी झोपणारे पुन्हा तापाने फणफणले असते. तिथे मच्छरदाणी न्यायला हवी, हे त्या पेन्सिलीच्या बाणातून कळतं.

तारखांचंही तसंच. आज थंडी वाजून ताप आला तर डास चावून साधारण दोन आठवडे होऊन गेलेले असतात. त्या डासाने दुसऱ्या कुणाचं तरी रक्त पिऊन, डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी वाढायला त्याआधी दहा-बारा दिवस गेलेले. म्हणजे गणपतीतला रुग्ण तुम्हाला आषाढ-श्रावणातल्या पाण्याची गोष्ट सांगतो. धो-धो पावसात ओहोळ अळ्या वाहून नेतो. पाऊस उघडला, ओहोळाची धार तुटली, कातळात डबकी राहिली की मग अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस या मलेरिया पसरवणाऱ्या डासिणीचं फावतं. भातखाचरंही तिला चालतात. तुमच्या ऐरोलीतल्या सोसायटीत गच्चीवर चढून टाकीचं झाकण बघणारा महापालिकेचा माणूस शोधतो ती डासीण वेगळी, स्टेफेन्साय. तिला टाक्या आणि विहिरी लागतात. १९११ साली बेंटले नावाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला, तेव्हा बोट विहिरींवरच ठेवलं होतं. शहापुरात टाक्यांची झाकणं मोजून हाती काही लागणार नाही.

म्हणून उपग्रहाबद्दल तुम्ही लिहिलंत ते दुरुस्त करते, कारण हा गैरसमज शिकलेल्या लोकांत जास्त आहे. उपग्रहाला पाणी दिसतं, हिरवळ दिसते, जमीन किती तापली ते कळतं. पाऊस-तापमानाचे आकडे घेऊन पुढच्या महिन्यात कुठे जोर वाढेल याचा अंदाजही बांधता येतो. पण गर्द झाडीखालचं डबकं त्याला दिसत नाही, डबक्यात अळ्या आहेत का हे कळत नाही, आणि खोपटीत काल रात्री कोण झोपलं होतं हे तर मुळीच नाही. मलेरिया अ‍ॅटलास प्रोजेक्ट २००५ पासून जगभराचे नकाशे करतोय. तिथे उपग्रहाची माहिती वापरतात, पण त्या रंगांखाली कुणीतरी गावात जाऊन घेतलेले रक्तनमुने असतात. दिवाळीनंतर याच पट्ट्यातली किती कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात! त्यांच्यासोबत परजीवीही जातो-येतो. तो प्रवास आत्यासारख्या नर्सला आणि आशाताईंना ठाऊक असतो, नाहीतर तुमच्या लेकीसारख्या विचारणाऱ्या मुलीला.

राहिलं २०३०. उद्दिष्ट आहे, खरं आहे. पण १९५३ साली नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर साठच्या दशकात रुग्ण लाखभरावर आले होते, सगळ्यांना वाटलं संपला, आणि १९७६ साली ६४ लाख रुग्ण नोंदले गेले. शिवाय रुग्ण हजारांनी असतात तेव्हा सरसकट फवारणी चालते. दहावर आले की एकेकाचा माग काढावा लागतो: कुठे चावला, कधी चावला, बाहेरून आणला की इथलाच. हा सगळा नकाशाचाच उद्योग आहे. तरी ज्या मुलीला हे जमतं तिने आयुष्यभर मलेरियाच करावा असं कुणी म्हटलंय? डेंग्यू आहे, लेप्टो आहे, पाणी आहे.

तिचं कौतुक करून थांबत नाही, कारण नकाशात चुका आहेत आणि त्या तिला कळायला हव्यात. सगळ्यात मोठ्या पाड्यावर तिने लाल पेन्सिल गिरवलीय. तिथे माणसंच जास्त, मग ठिपके जास्त असणारच. दर हजार लोकसंख्येमागे रुग्ण किती, असं काढायचं असतं. व्हायव्हॅक्सचा परजीवी यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो, म्हणून तर १४ दिवस प्रायमाक्विन देतात. तेव्हा 'आधी कधी असा ताप आला होता का' हा तिसरा रकाना हवा. आणि कोऱ्या दिसणाऱ्या दोन पाड्यांवर मलेरिया नाही, की तिथे रक्तच कुणी घेतलं नाही? हा प्रश्न तिने विचारलेला नाही.

मार्ग सांगते, थोडक्यात. येत्या जूनला बीएस्सी, प्राणिशास्त्र किंवा भूगोल घेऊन. भूगोल विज्ञान शाखेत कुठे मिळतो हे कॉलेजात जाऊन विचारा. कीटकांकडे ओढा असेल तर पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची एमएस्सी आहे. नकाशांकडे असेल तर पुणे विद्यापीठात जिओइन्फर्मेटिक्सची, म्हणजे संगणकावरच्या नकाशाशास्त्राची, एमएस्सी आहे. लोकांकडे असेल तर हार्बर लाइनने देवनार गाठा, टीआयएसएस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि लोकसंख्या विज्ञानाची आयआयपीएस, दोन्ही तिथेच. यातल्या कशालाही आधी डॉक्टर व्हावं लागत नाही. जूनपर्यंत रिकामं बसायचं कारण नाही: क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं, डेहराडूनच्या आयआयआरएस या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन कोर्स विनाशुल्क असतात. गणित सोडलेलं असलं तरी संख्याशास्त्र शिकावंच लागेल, त्यातून सुटका नाही. सुरुवातीची नोकरी बहुधा एखाद्या प्रकल्पावर, कंत्राटी, आणि पगार तुमच्या शेजाऱ्याच्या आयटीतल्या मुलाएवढा नसेल. हे तिला आजच सांगून ठेवा, म्हणजे पुढे कुणी फसवलं असं वाटणार नाही.

आणि तिचा फोन तिला परत द्या. त्या दोन कोऱ्या पाड्यांवर किती जणांचं रक्त घेतलं होतं, हे आत्याला विचारायचं राहिलंय.